आकाशातले चौतीस, फडातले चौतीस

दिवाळीच्या पणत्या विझतात न विझतात, तोच कोल्हापूरच्या रस्त्यांवर बैलांच्या घुंगरांचा आवाज सुरू होतो. बीड, परभणी, जालना, अहिल्यानगर, इकडे जत आणि पलीकडे विजापूर या भागांतून माणसे आलेली असतात. कुडित्रे, परिते, बिद्री, हुपरी, शिरोळ, कसबा बावडा असे कारखान्यांचे तळ भरतात, पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या खोपी उभ्या राहतात. पहाटे तीन-चारला चुली पेटतात आणि उजाडायच्या आत फडावर कोयता चालू होतो. आपल्याला हे इतके सवयीचे झाले आहे, की या माणसांचाही एक करार असतो, त्याची मुदत असते, ती संपते, ती वाढवायची की नाही यावर महिनोन् महिने घोळ चालतो, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. त्या काळात आपल्याला फक्त 'ऊस तुटत नाही' एवढेच कळते.

जानेवारी २०२४ मध्ये असा एक करार झाला. राज्य सहकारी साखर कारखाना संघ एका बाजूला, ऊसतोडणी कामगारांच्या संघटना दुसऱ्या बाजूला आणि मध्यस्थीला शरद पवार व पंकजा मुंडे. पुण्यात बैठक झाली आणि तोडणीच्या मजुरीत ३४ टक्के वाढ ठरली. टनाला २७३ रुपयांच्या आसपास असलेला दर ३६६ रुपयांच्या आसपास गेला. मुकादमाचे कमिशन एक टक्क्याने वाढून २० टक्के झाले. मुदत तीन हंगामांची, म्हणजे २०२३-२४ पासून २०२५-२६ पर्यंत.

योगायोग असा, की त्याच्या दहा महिने आधी साता समुद्रापलीकडे आणखी एक करार झाला होता आणि त्याचाही आकडा चौतीसच होता. अमेरिकेतल्या डेल्टा या विमान कंपनीच्या सुमारे १५ हजार वैमानिकांनी १ मार्च २०२३ रोजी नवा करार मंजूर केला. चार वर्षांत मिळून ३४ टक्के वाढ. विमान चालवणारा कुठे आणि मोळी बांधणारा कुठे, असे कुणी म्हणेल. मिळकतीची तुलना करण्यात अर्थ नाहीच. पण करार या वस्तूची तुलना जरूर करावी. आकडा सारखा असला, तरी तो कुणी ठरवला, कुणाला विचारून ठरवला, आणि 'नको' म्हणायची सोय होती की नव्हती, यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

डेल्टाच्या वैमानिकांचे काय झाले ते आधी थोडक्यात पाहू. त्यांचा जुना करार २०१९ च्या अखेरीस फेरविचाराला आला होता. मग कोरोना आला, बोलणी थांबली. पण वैमानिक वाऱ्यावर पडले नाहीत. अमेरिकेत विमान आणि रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी १९२६ चा एक कायदा आहे. विमान कंपन्या त्यात १९३६ मध्ये आल्या. त्या कायद्याखाली करार 'संपत' नाही. मुदत झाली की तो बदलता येण्याजोगा होतो, एवढेच. नवा होईपर्यंत जुन्या अटी जशाच्या तशा चालू राहतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये वैमानिकांनी संपाचा अधिकार संघटनेला द्यावा की नाही यावर मतदान केले आणि ९९ टक्के लोकांनी 'द्यावा' म्हटले. डिसेंबरमध्ये कंपनीने तत्त्वतः तडजोड केली. मग कराराचा सगळा मसुदा एकेका वैमानिकाच्या हाती गेला. वाचा, विचारा, भांडा, आणि मग मत द्या. ९६ टक्के लोकांनी मत दिले, त्यातल्या ७८ टक्क्यांनी होकार दिला. म्हणजे पाचातला एक जण त्याही वेळी 'हे कमी आहे' म्हणतच होता, आणि तसे म्हटल्याबद्दल त्याचे काही बिघडले नाही.

शेजारच्या युनायटेड कंपनीतली गोष्ट तर याहून बोलकी आहे. तिथल्या नेत्यांनी २०२२ मध्ये कंपनीशी एक करार करून आणला. तो मताला टाकला तेव्हा ९४ टक्के वैमानिकांनी फेटाळला! नेत्यांना पुन्हा बोलणी करावी लागली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये त्याहून पुष्कळ चांगला करार मंजूर झाला. जेटब्लू नावाच्या कंपनीत जानेवारी २०२३ मध्ये चालू करारालाच दोन वर्षांची मुदतवाढ द्यायची की नाही, एवढ्या एका प्रश्नावर मतदान झाले. मुदतवाढ घ्यावी, तर हातात लगेच वाढ पडते. न घ्यावी, तर पुढे अधिक मिळण्याची आशा राहते, पण तोवर जुन्याच पगारावर राहायचे. वैमानिकांनी मुदतवाढ घेतली. आत्ताचे पक्के की नंतरचे मोठे, हा प्रश्न घराघरात सारखाच असतो. घ्यायचे ते ठरवण्याआधी तो आपल्यापुढे मांडला जातो का, हे महत्त्वाचे.

आपल्या देशातल्या वैमानिकांच्या वाट्याला हे भाग्य नाही, हेही सांगून टाकावे. विस्तारा कंपनी एअर इंडियात विलीन व्हायची होती, तेव्हा २०२४ च्या सुरुवातीला तिच्या वैमानिकांपुढे नवा करार ठेवला गेला. पूर्वी महिन्याला ७० तासांचे वेतन निश्चित असे, ते ४० तासांवर आले. सही करा, एवढेच सांगणे होते. मतपेटी नव्हती. मग एप्रिलमध्ये वैमानिक आजारी पडू लागले, कंपनीला दररोजची पंचवीस-तीस उड्डाणे कमी करावी लागली. आणि तरीही बहुतेकांनी सह्या केल्या. ज्याला विचारत नाहीत तो मग असा बोलतो, आजारपणाच्या भाषेत.

उजळाईवाडीच्या विमानतळावरून विमान वर चढले, की खाली उसाचे हिरवे चौकोन दिसतात. आता त्या चौकोनांत उतरू. खरा गुंता तिथेच आहे.

ऊसतोडणीत माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. दहा-पंधरा कोयत्यांची टोळी, टोळीवर मुकादम, मुकादमाच्या वर ट्रॅक्टरमालक, त्याच्या वर कारखाना. पैसा या शिडीने वरून खाली उतरतो. कारखाना वाहनमालकाला पैसे देतो, वाहनमालक त्यात स्वतःचे आणि बँकेचे घालून मुकादमाला देतो आणि मुकादम ते जोडीला देतो. या रकमेला उचल म्हणतात. एका जोडीला पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढेही उचल जाते. ती कधी दिली जाते? उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात. लग्नाला, बियाण्याला, दवाखान्याला पैसे लागतात तेव्हा. दसऱ्याच्या आत ती खर्चूनही झालेली असते.

आणि दर कधी ठरतो? २०२० मध्ये तो २७ ऑक्टोबरला ठरला, मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये. टोळ्या तेव्हा निघण्याच्या तयारीत होत्या. वाढ १४ टक्के. संघटनांच्या मागणीचे आकडे याच्या कितीतरी पुढे होते. २०२४ मध्ये तर तो जानेवारीत ठरला, निम्मा हंगाम सरत आला तेव्हा. म्हणजे मजूर आधी पैसे घेतो, मग घर सोडतो, मग तीनशे-चारशे किलोमीटरवर येऊन खोप घालतो, ऊस तोडू लागतो, आणि त्यानंतर त्याला कळते की आपल्या कामाचा भाव काय. असा करार जगात दुसरीकडे कुठे होत असेल, असे मला वाटत नाही. वैमानिक आधी करार वाचतो आणि मग सही करतो. इथे अंगठा आधी उठतो.

उचलीचा हिशेब मांडला म्हणजे दरवाढ किती खरी, हे कळते. एक लाखाची उचल धरा. टनाला २७३ रुपये असताना ती फेडायला सुमारे ३६६ टन ऊस तोडावा लागे. ३६६ रुपये झाल्यावर सुमारे २७३ टन पुरतात. (आकड्यांची ही अदलाबदल निव्वळ योगायोगाची.) फरक पडला ९३ टनांचा. चांगली जोडी दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडते, मोळ्या बांधते आणि वाहनात भरते. दोन टन धरले तरी छत्तीस टक्के नाही की चौतीस टक्के नाही, साध्या भाषेत सांगायचे तर सेहेचाळीस दिवसांची मेहनत वाचली. हे लहानसहान नाही. २०२४ चा करार बोलणी करणाऱ्यांना नावे ठेवण्याजोगा मुळीच नव्हता, हे कबूल केले पाहिजे. मात्र त्यातले दोन कच्चे दुवे आहेत, आणि दोन्ही मुदतीशी बांधलेले आहेत.

पहिला दुवा असा. डेल्टाच्या वैमानिकांचे चौतीस टक्के एकदम नव्हते. आधी १८, मग ५, मग ४, मग ४ असे टप्प्याटप्प्याने दरवर्षी चढणारे होते. आपल्या ऊसतोडणीचे चौतीस टक्के एकदम चढले आणि तीन हंगाम तिथेच थांबले. पहिल्या वर्षी खिसा जड वाटतो. दुसऱ्या वर्षी तेल, डाळ, डिझेल वर जातात, दर जागच्या जागी. तिसऱ्या वर्षी मजूर पुन्हा जिथून निघाला तिथेच येऊन बसू लागतो. मुदत जितकी लांब, तितका शेवटचा हंगाम हलका. म्हणूनच करार तीन वर्षांचा की पाच वर्षांचा, यावर संघटना इतक्या हमरीतुमरीवर येतात. २०१५ चा करार पाच वर्षांचा होता, आणि त्याची शेवटची वर्षे किती ओढाताणीची गेली, ते फडात विचारावे. वर्तमानपत्रांच्या मथळ्यात टक्का येतो, मुदत आतल्या मजकुरात तिसऱ्या परिच्छेदात जाते. माझ्या मते ते उलट छापले पाहिजे. त्याच कारखान्याच्या गेटाच्या आत काम करणाऱ्या कायम कामगाराला महागाई भत्ता आहे, त्याची पाच वर्षांची मुदत म्हणूनच सुसह्य होते. गेटाबाहेरच्या कोयत्याला तो नाही.

दुसरा दुवा म्हणजे जुना करार संपला आणि नवा झाला नाही, तर मधल्या काळात काय? अमेरिकेतल्या वैमानिकाला कायदा सांगतो की जुन्या अटी चालू. आपल्याकडे जुना दर चालू राहतो तो केवळ रिवाजाने. बोलणी लांबवण्यात मग कुणाचा फायदा, हे शाळकरी मुलगाही सांगेल. मजुराच्या हातात एकच गोष्ट राहते, ती म्हणजे कोयता बंद ठेवणे. आणि इथे त्याची खरी कोंडी होते. दिवसाला पाच हजार टन गाळणाऱ्या कारखान्याला रोज निदान अडीच हजार जोड्या लागतात. तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळला नाही तर वजन आणि उतारा दोन्ही घटतात. म्हणजे ताकद मजुराच्या हातात आहे. पण कोयता एक दिवस थांबला की त्या दिवशी उचल फिटत नाही. उलट ती पुढच्या वर्षावर चढते. खोपीतले पीठ मात्र त्या दिवशीही लागते. ताकद आहे, पण ती वापरायला उसंत नाही.

म्हणून 'घ्यावे की थांबावे' हा वाद टोळीत होतो, तो अमुक टक्के बरोबर की चूक, असा होत नाही. कुणाची उचल किती फिटली, यावर तो ठरतो. ज्याची निम्मी फिटली तो म्हणतो थांबू. ज्याच्या घरी यंदा मुलीचे लग्न झाले तो म्हणतो आहे ते घ्या. मुकादम कुठल्या बाजूला असतो? त्याचे कमिशन तोडणीच्या रकमेवर. दर वाढला की तेही वाढते. पण कोयता थांबला की त्याने वाहनमालकाकडून घेतलेल्या रकमेची धाकधूक वाढते. तो दोन्ही बाजूंनी बोलतो. आणि गंमत अशी, की पुण्याच्या बैठकीत संघटनांच्या नावाने बसणाऱ्यांत मुकादमांचाच आवाज मोठा असतो, अशी तक्रार मजुरांच्या चळवळीतले लोक कितीतरी वर्षे करत आले आहेत. बाईचा आवाज तर कुठेच नाही. अर्धा कोयता तिचा, उचलीवर अंगठा नवऱ्याचा. आजारपणात एक दिवस गेला की खाडा धरून पैसे कापायचे, हा फडातला नियम. त्याचा उल्लेख टक्क्यांच्या करारात नसतो. बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली. त्या प्रश्नाच्या मुळाशी हा खाडाही होता. दोन वर्षांनी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी उसाच्या टनामागे रक्कम गोळा करण्याचे ठरले, ते योग्यच झाले. पण कल्याण ही एक गोष्ट आणि कराराच्या कागदावर लिहिलेला हक्क ही दुसरी.

आता आपल्या घरचे बोलू. कोल्हापुरात निम्म्या घरांत या ना त्या नात्याने ऊस आहे, आणि दरवाढीचे नाव काढले की घरातला कर्ता हिशेबाला बसतो. कारण तोडणी-वाहतुकीचा खर्च कारखाना उसाच्या बिलातूनच वजा करतो. करार साखर संघाने करायचा, पैसे शेतकऱ्याच्या बिलातून जायचे. २०२२-२३ मध्ये १०.२५ टक्के उताऱ्याला उसाची एफआरपी टनाला ३०५० रुपये होती, २०२३-२४ मध्ये ३१५० झाली. म्हणजे शंभर रुपये वाढले. त्याच हंगामात तोडणी ९३ रुपयांनी वाढली, वर मुकादमाच्या कमिशनचे वीसेक रुपये. केंद्राने एका हाताने दिलेले शंभर रुपये फडातच संपले! (आपल्याकडचा उतारा अधिक, त्यामुळे कोल्हापूरच्या शेतकऱ्याला शंभराहून थोडे जास्त मिळाले, इतकाच दिलासा.) याच हंगामाच्या सुरुवातीला, नोव्हेंबर २०२३ मध्ये, आधीच्या वर्षीच्या उसाच्या जादा दरासाठी राजू शेट्टी यांच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेने शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग रोखून धरला होता. टनाला चारशेची मागणी होती, तडजोड शंभर आणि पन्नासवर झाली. महामार्गावर बसून शेतकऱ्याने मिळवले ते शंभर, आणि दीड महिन्याने पुण्यातल्या बैठकीत त्याच्या वतीने दिले गेले ते शंभर. त्या बैठकीत शेतकरीही नव्हता.

म्हणजे जो तोडतो तोही खोलीबाहेर आणि जो भरतो तोही खोलीबाहेर. मग दोघे बांधावर समोरासमोर आले की काय होते, ते आपण पाहतोच. पाळी लवकर हवी, तर खुशाली द्या. ट्रॅक्टर फडात घालायचा, तर ड्रायव्हरची एन्ट्री द्या. वाडे आमचे. कधी कोंबडा, कधी रोख. शेतकरी चिडतो, मजुराला लुटारू म्हणतो. मजूर म्हणतो, तुमच्या बंगल्याला काय कमी आहे. खुशाली घेणे चूकच आहे. पण ही एका अर्थाने पुण्यात न झालेली वाटाघाट आहे. ती रोज सकाळी, प्रत्येक फडावर, नव्याने होते आणि तिच्यावर कुणाची सही नसते.

वाहनमालकाची कथा वेगळीच. शिरोळ, कागल, करवीर तालुक्यांतली कितीतरी तरुण मुले कर्ज काढून ट्रॅक्टर घेतात, लाखो रुपये मुकादमाच्या हातात देतात, नोटरी करून करार लिहून घेतात. हंगामाच्या तोंडावर मुकादमाचा फोन बंद! टोळी दुसऱ्याच कारखान्यावर, कधी निपाणी-चिकोडीकडे, गेलेली असते. पोलीस ठाण्यांत अशा तक्रारींचे गठ्ठे पडले आहेत. काही घरे यात उद्ध्वस्त झाली. ज्या कराराची मुदत आणि टक्का राज्यभर गाजतो, त्याला कायद्याची धार नाही, आणि ज्या करारावर मुद्रांक आहे तो दोनशे किलोमीटरवर जाऊन कुणी बजावत नाही.

या सगळ्यावर उपाय म्हणून यंत्राकडे बोट दाखवले जाते. ऊसतोडणी यंत्रांना अनुदान देण्याची योजना राज्याने काढली, २०२३ मध्ये ९०० यंत्रांचा लक्ष्यांक ठरला. यंत्राच्या तोडणीला टनाला चारशे-पाचशे रुपये पडतात, मग माणसाला त्याहून कमी का, असा संघटनांचा २०२३ च्या बोलण्यांतला सवाल होता, आणि तो बिनतोड होता. डेल्टाच्या करारात एक मजेदार कलम आहे. प्रतिस्पर्धी कंपन्यांनी वैमानिकांचा पगार वाढवला, तर डेल्टाचा पगार त्यांच्यापेक्षा एक टक्का वरच राहील. कोयत्याच्या करारात 'यंत्राच्या दराच्या इतक्या टक्क्यांखाली मजुरी जाणार नाही' असे एक वाक्य घालायला काय हरकत आहे? मग दर तीन वर्षांनी टक्क्यांची कुस्ती खेळायची गरज उरणार नाही. कोल्हापूरची रानेही अशी तुकड्यातुकड्यांची, की गुंठ्यांच्या फडात आणि पन्हाळा-राधानगरीच्या उतारावर यंत्र वळायला जागा नाही. पुष्कळ वर्षे तरी इथे कोयताच लागणार आहे.

मतदान वगैरे फडात कसे शक्य आहे, असे विचारले जाते. दहा लाखांवर माणसे, विखुरलेली, पुष्कळ निरक्षर. पण हीच माणसे ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत मत देतात, त्यांच्या मतांवर बीडचे राजकारण उभे आहे. विधानसभेसाठी ज्याचे मत चालते, त्याच्या मजुरीच्या मुदतीबद्दल त्याला विचारायला कुठली अडचण? तेवढे जमणार नसेल, तर निदान दर आधी ठरावा आणि उचल नंतर द्यावी. ठरलेल्या दराचा, कमिशनचा आणि मुदतीचा छापील कागद प्रत्येक जोडीला, नवरा-बायको दोघांच्या नावे, मिळावा. कारखान्यांना हे अवघड नाही. उसाच्या नोंदीची पावती ते शेतकऱ्याला वर्षानुवर्षे देत आले आहेत.

२०२४ च्या कराराची मुदत २०२५-२६ च्या हंगामाअखेरची. तिथपासून पुढे पुन्हा टक्का, पुन्हा तीन की पाच वर्षे, पुन्हा पुण्याची बैठक. पट्टा पडला की टोळ्या गावी परततात, आणि अक्षय तृतीया उलटते न उलटते तोच पुढच्या हंगामाच्या उचलीची बोली सुरू होते. दर ठरायची वाट तेव्हा कुणी पाहत नाही, कारण तोवर पेरणीचे दिवस आलेले असतात आणि बियाण्याच्या दुकानात उधारी बंद झालेली असते.